आत्याबाईंची कंपनी

आमच्या आत्याबाईंइतकं तिखट नाक अख्ख्या चेन्नईत दुसऱ्या कुणाला नसेल, आणि नाकाला जे कळलं ते लगेच तोंडानं बोलून टाकायची त्यांच्याइतकी घाई तर उभ्या देशात कुणाला नसेल. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, बिनलग्नाच्या, आणि वेलचेरीत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. सकाळी विद्यापीठात जाताना त्या आमच्या दारावरून जायच्या, तेवढ्यात आमच्या घरात काय शिजतंय, काय करपलंय आणि फ्रिजमध्ये काय विसरलंय हे चालता चालता सांगून जायच्या. मागच्या खणात आंब्याची फोड राहिलीय म्हणाल्या की मी उघडून बघायची, आणि ती तिथं असायचीच. त्यांच्या घरात उदबत्ती नाही, पावडर नाही, वासाचा साबण नाही. या शहरात बाईच्या केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा नसला तर बायका काळजीनं चौकशी करतात, पण आत्याबाईंनी जन्मात फूल माळलं नाही. नाक बिघडतं म्हणायच्या. एकदा भर गर्दीच्या रस्त्यावर त्यांनी शेअर ऑटो थांबवायला लावली, ब्रेक जळतोय म्हणून सगळ्या उतारूंना खाली उतरवलं, आणि ड्रायव्हर हात जोडून गाडीला काही झालं नाही हे सांगत असतानाच मागच्या चाकातून धूर निघाला. त्यांचं लग्न जमलं नाही तेही नाकामुळेच. बघायला आलेल्या मंडळींचा तुपाचा धंदा होता. त्यांनी कौतुकानं तुपाचा डबा आणला. आत्याबाईंनी झाकण काढलं, परत लावलं आणि डबा मुलाच्या वडिलांच्या हातात ठेवून, यात काय काय घालता, असं अगदी विद्यार्थिनीच्या कुतूहलानं विचारलं.

मी कोल्हापूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा वाटलं होतं, सासर मराठी आहे, निदान बोलण्याची तरी अडचण नाही. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी मला विचारलं, "तुला काय होणें?" मला वाटलं, प्रवासानं माझा चेहरा उतरलाय म्हणून विचारतायत. मी म्हटलं, मला काही होत नाही, मी ठीक आहे. त्या मान डोलावून निघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत मला कुणी कॉफीचं विचारलं नाही. त्यांच्या मराठीत ‘होणें’ म्हणजे ‘पाहिजे’ असतं, हे नवऱ्यानं रात्री जेवताना समजावलं. आत्याबाईंचं मत मात्र असं की, भाषा आम्हीच बिघडवली. त्यांच्या पूर्वजांनी मराठी आणली तेव्हा ती चांगली होती, मागं राहिलेल्यांनी ती नीट सांभाळली नाही. "तुमची मराठी फार पळते," त्या म्हणायच्या. "पाय मोडेल तिचा."

एका वर्षी वेलचेरीत पाणी भरलं. आमच्याकडं पाणी भरणं ही बातमी नसते, पण त्या वर्षी तळमजला पूर्ण गेला. तेव्हा आत्याबाई तळमजल्यावर राहायच्या. शेजारचे लोक टीव्ही, गाद्या, दागिने, मुलांची प्रमाणपत्रं घेऊन जिन्यानं वर पळत होते. आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर एक पोतं दिलं, स्वतः दोन पिशव्या उचलल्या आणि त्या वर आल्या. पोत्यात आणि पिशव्यांत बुरशी आलेले शेंगदाणे होते. वर्षानुवर्षं मुद्दाम जपून वाढवलेली ती बुरशी होती, म्हणजे त्यांचं सगळं संशोधन. त्यांची स्वतःची प्रमाणपत्रं खाली कपाटात राहिली आणि त्यांचा लगदा झाला. बुरशी मात्र सुखरूप आमच्या बैठकीच्या खोलीत आली आणि पंधरवडाभर राहिली.

त्या बुरशीमागं कारण होतं. शेंगदाण्याच्या पोत्याला ओल लागली की आत एक बुरशी धरते आणि तिच्यातून विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, भाजून किंवा तळून जात नाही, आणि हळूहळू माणसाचं यकृत खातं. खराब दाणा कुणी फेकत नाही. तो कुटून गुळात घातला की त्याची कडलै मिट्टाय होते, म्हणजे आपली चिक्की, आणि ती शाळांच्या बाहेरच्या बरण्यांत जाते. आत्याबाईंना पोत्याजवळून नुसतं चाललं तरी कळायचं. पण मी एकटी किती पोती हुंगणार, असं म्हणून त्यांनी आपलं नाक एका डब्यात घालायचं ठरवलं. पीएचडीच्या मुली आल्या, शिकून गेल्या, त्यांची लग्नं झाली, नव्या आल्या, आणि शेवटी डबा तयार झाला. त्याची नळी पोत्यात खुपसायची, तो आतली हवा ओढून घ्यायचा, आणि थोड्या वेळानं दिवा लागायचा. हिरवा म्हणजे खा. लाल म्हणजे नको. आपल्यापेक्षा डबा चांगला, असं आत्याबाई अभिमानानं सांगायच्या, कारण त्याला पडसं होत नाही.

विद्यापीठात तेव्हा नवं केंद्र निघालं होतं. बायकांनी नुसते शोधनिबंध लिहीत बसू नये, आपल्या शोधाची कंपनी काढावी, असं त्याच्या संचालकांचं म्हणणं होतं. ते आत्याबाईंच्या प्रयोगशाळेत येऊन बसू लागले. मॅडम, हा डबा कपाटात ठेवून कुणाचं यकृत वाचणार, असं ते विचारायचे, आणि ते खोटं नव्हतं. आत्याबाई तयार झाल्या. मग त्यांना शिकवणीला पाठवलं. कंपनी काढणाऱ्या शास्त्रज्ञ बायकांना पैसेवाल्यांपुढं बोलायला शिकवायचं, असा तो वर्ग होता. तिथल्या तरुण शिक्षकानं सांगितलं की रसायनशास्त्र कमी करा, हसा जास्त, आणि तुमची स्वतःची गोष्ट सांगा. आत्याबाई म्हणाल्या, माझी काय गोष्ट, बुरशीची सांगते. सरावाच्या वेळी कुणीतरी विचारलं की तुम्ही कंपनी बघायला लागलात तर घर कोण बघणार. "घराला कुलूप आहे," आत्याबाई म्हणाल्या. तो प्रश्न बाकीच्या बायकांनाही विचारत होते. उत्तर देताना त्या बिचाऱ्या सासूपासून पाळणाघरापर्यंत सगळं मांडत होत्या.

प्रत्यक्ष सादरीकरणाच्या दिवशी पुढच्या रांगेत एक बडे गुंतवणूकदार बसले होते. त्यांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि आत्याबाई बोलायच्या थांबल्या. पुढं झुकल्या. मग भर सभेत, माइकवरून, अत्यंत नम्रपणे त्यांनी त्यांना सांगितलं की तुमची खालची मागची दाढ आतून सडली आहे, आजच डॉक्टरकडे जा. संचालकांनी डोळे मिटून घेतले. आठवड्यानं त्या गृहस्थांचा फोन आला. दाढ काढली होती, आणि कंपनीत पैसे घालायचे होते. आमच्या घरात त्यांचं नाव ‘दाढवाले’ असंच पडलं. त्या दिवशी आत्याबाईंनी इमारतभर म्हैसूरपाक वाटला आणि मला बोलावून सांगितलं की तू बी.कॉम. आहेस, दिवसभर नुसती मालिका बघतेस, उद्यापासून ऑफिसला ये.

अशी मी कंपनीची पहिली पगारी नोकर झाले. ऑफिस म्हणजे केंद्राच्या इमारतीतली एक खोली. तिथं आत्याबाई, मी, दोन विद्यार्थिनी आणि भरपूर शेंगदाणे. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. आत्याबाई डबा पदराखाली धरून जॉर्ज टाउनच्या गोदामांतून हिंडायच्या, पोत्यांत नळ्या खुपसायच्या, आणि लाल दिवा लागला की लहान मुलीसारख्या माझ्याकडं वळून बघायच्या. तिथल्या एका म्हाताऱ्या घाऊक व्यापाऱ्यानं एकदा त्यांना शांतपणे विचारलं, "अम्मा, तुमचा डबा नको म्हणतो. मान्य. पण मग या मालाचं मी काय करू?" समुद्र जवळच आहे, असं आत्याबाई म्हणाल्या. तो हसला, आम्हाला ताक पाजलं, आणि डबा काही घेतला नाही. डबा कुणीच घेईना. ज्याच्याकडं खराब माल आहे त्यानं तो खराब आहे हे कळायला पैसे का द्यावेत, हे आम्हाला कुणाला आधी सुचलंच नव्हतं.

तेव्हा दाढवाल्यांनी एक सीईओ आणून दिला. तरुण, चुणचुणीत, आयटीतून आलेला, आणि इतका सभ्य की मॅडम म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. तो पहिल्या दिवशी भारी अत्तर लावून आला. आत्याबाईंनी त्याला दारातच सांगितलं की हे उद्यापासून चालणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तो बिनवासाचा यायला लागला आणि आत्याबाईंनी त्याला गुणी मुलगा ठरवलं. तो खरंच वाईट नव्हता. मॅडम, तुमचा वेळ बँकेच्या कामात का घालवता, सह्या मी करतो, म्हणाला. आत्याबाई ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाल्या. मॅडम, तुम्ही मुख्य शास्त्रज्ञ, नाव तेच शोभतं, म्हणाला. सरी. मॅडम, नव्या गुंतवणूकदारांसाठी तुमचा हिस्सा थोडा कमी करू, कंपनी वाढली की तोही वाढेल. सरी. पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं, विद्यापीठानं वापराचा हक्क कंपनीला दिला होता, आणि कंपनीत आत्याबाई मुख्य शास्त्रज्ञाच्या आता नुसत्या सल्लागार झाल्या होत्या. हे सगळं माझ्या समोर, चहाबरोबर, हसत हसत झालं. एका सोमवारी सीईओ खोलीत आला तेव्हा त्याच्या अंगाला पुन्हा अत्तराचा वास होता. आत्याबाईंनी मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. त्यांना नाकानं कळलं होतं आणि तोंडानं बोलता आलं नव्हतं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग एकाएकी डबे खपायला लागले. जॉर्ज टाउनमध्ये तर गोदामागणिक डबा. आत्याबाईंना आनंद व्हायच्या आधी कुतूहल वाटलं, म्हणून त्या मला घेऊन त्याच म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडं गेल्या. त्याच्याकडंही नवा डबा होता. भिंतीशी रचलेली पोती जाणार होती चिक्कीवाल्याकडं. आत्याबाई पोत्यांजवळ गेल्या आणि थबकल्या. एक पोतं उघडायला लावलं, मूठभर दाणे नाकाशी नेले. नळी खुपसली. हिरवा दिवा लागला. परत खुपसली, परत हिरवा. माझा डबा बिघडला, म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं खाली बसून पेचकस मागू लागल्या. व्यापाऱ्यानं त्यांना हात धरून उठवलं. अम्मा, डबा उत्तम आहे, म्हणाला, आणि आपला मोबाइल दाखवला. डब्याला जोडलेल्या कंपनीच्या अॅपमध्ये आता नवी सोय होती. लाल दिव्याच्या पोत्यात विष किती निघालं तो आकडा घालायचा, मग अॅप सांगायचं की त्यात चांगला माल किती मिसळला म्हणजे दिवा हिरवा होईल. सरकारी मर्यादेच्या बरोब्बर खाली. समुद्राची गरज नव्हती. ज्या माणसाला पूर्वी अंदाजानं मिसळावं लागायचं त्याला आता आत्याबाईंच्या नाकाच्या अचूकतेनं मिसळता येत होतं. म्हातारा हे सांगताना मनापासून आभार मानत होता.

घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, आणि कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक बोलवा म्हणून मला सांगितलं.

बैठक एग्मोरच्या एका हॉटेलात झाली. मी कामकाज लिहून घ्यायला होते. बोलणं सगळं इंग्रजीत. आत्याबाईंनी ती सोय अॅपमधून काढा, एवढंच मागितलं. सीईओनं पडद्यावर आलेख दाखवला. त्या सोयीमुळंच डबे खपत होते, ती काढली तर कंपनी बंद. दाढवाले समजुतीच्या सुरात म्हणाले की मॅडम, मर्यादा सरकारनं ठरवली आहे, आपण नाही. मर्यादेच्या आत जे आहे ते सुरक्षित आहे, हे तुमच्याच शोधनिबंधांत आहे.

"मर्यादा चुकून आलेल्यासाठी असते," आत्याबाई म्हणाल्या. "मोजून भरण्यासाठी नसते."

विद्यापीठाचे प्रतिनिधी चमच्यानं चहा ढवळत राहिले. साखर त्यांनी घातलेलीच नव्हती. मग सोय तशीच ठेवायच्या ठरावावर मत घेतलं. ठरावाच्या विरुद्ध एकच हात वर झाला, आणि सल्लागाराला मत नसतं हे सीईओनं अतिशय हळू आवाजात लक्षात आणून दिलं. आत्याबाईंनी हात खाली घेतला नाही. तो तसाच वर ठेवून त्या माझ्याकडं वळल्या आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला न कळणाऱ्या आमच्या भाषेत म्हणाल्या, "आत्यानं नको म्हटली म्हणून लिही मा." मी लिहिलं. पुढच्या बैठकीत ते कामकाजातून वगळलं गेलं.

त्यांनी कंपनी सोडली. तसाच दुसरा डबा त्यांना बनवता येईना, कारण त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली गोष्ट वापरायला आता कंपनीची परवानगी लागत होती. प्रयोगशाळेची जागा मधल्या काळात दुसऱ्या कुणाला दिली गेली होती, म्हणून निवृत्तीपर्यंत त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना क्षार आणि आम्ल शिकवत राहिल्या. अन्नाची भेसळ बघणाऱ्या सरकारी खात्याला त्यांनी लिहिलं. तिथून एक तरुण अधिकारी आला, आदरानं बसला, आणि डब्याचा दिवा हिरवा असेल तर आपण काय करणार, असं म्हणून कॉफी पिऊन गेला. त्याच सुमाराला केंद्राच्या प्रवेशद्वारात आत्याबाईंचा माणसाहून मोठा फोटो लागला. त्यात त्या हसतायत, शिकवणीत सांगितलं होतं तसं, आणि खाली लिहिलंय की मुलींनो, तुमची कल्पना बाजारात आणा. फोटो काढा म्हणून त्या तीनदा सांगायला गेल्या. प्रत्येक वेळी तिथल्या लोकांनी त्यांच्याबरोबर सेल्फी घेतली. मीही नोकरी सोडली. त्यात बाणेदारपणा फारसा नव्हता, कंपनी बंगळुरूला चालली होती.

आता त्या आमच्या दारावरून जातात तेव्हा काही सांगत नाहीत. मागं एकदा आमच्या भाजीत काहीतरी नासलं होतं, आम्हा सगळ्यांची पोटं बिघडली, आणि मी त्यांना विचारलं की तुम्हाला वास आला नव्हता का. आला होता, म्हणाल्या. सांगितलं असतं तर तुम्ही टाकली असतीत का, कोण जाणे. हे त्या रागानं बोलल्या नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिला मराठीपेक्षा तमिळ बरी येते आणि तमिळपेक्षा इंग्रजी. तिला रसायनशास्त्र घ्यायचंय. गेल्या महिन्यात तिनं ते आत्याआजीला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. आत्याबाई नुसतं ‘बरं’ म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. रविवारी मात्र त्यांनी तिला गच्चीवर बोलावून घेतलं. ऊन उतरलं होतं. वरून मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता, आणि इतक्या दिवसांनी गच्चीवर कुणीतरी हसतंय म्हणून मला बरं वाटलं. मी वर गेले नाही.

मुलगी खाली आल्यावर मी तिला विचारलं, काय शिकवलं आजीनं, आवर्त सारणी का.

"नाही म्हणायला शिकवलं," ती म्हणाली. "आजी काहीतरी मागायची आणि मी नुसतं ‘नो’ म्हणायचं. ‘सॉरी’ नाही, ‘मॅडम’ नाही, पुढं-मागं काही लावायचं नाही. आधी माझं पेन मागितलं, मग वही, मग माझं नाव. मला हसू यायचं. हसले की परत पहिल्यापासून."

"आणि आजी?"

"आजी एकदाही हसली नाही," ती म्हणाली. "ती दर वेळी आधीपेक्षा गोड बोलून मागायची."